दक्षिणेच्या दारातलं पहिलं ताट

जुलैचा पहिला शनिवार, सकाळचे साडेदहा. रक्कम चार लाख तीस हजार डॉलर. हजर: मी, माझी बायको, आमची मुलगी, बायकोचा धाकटा भाऊ, आणि दाराबाहेर शेजारच्या आजीबाई, ज्यांना आत बोलवायचं कुणालाच सुचलं नाही.

ही रक्कम एका बांधकाम कंपनीनं आमच्या तळ्याकाठच्या घरासाठी देऊ केली होती. कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. त्यावर दोन सह्या हव्या होत्या, एक मेहुण्याची आणि एक माझी. मेहुण्याची झाली होती. माझ्यासाठी सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंतची मुदत होती. मेहुणा केंब्रिजहून, विलायतेतल्या नव्हे, इथल्याच, पहाटे निघून तो कागद स्वतः घेऊन आला होता, कारण फोनवर मी आठवडाभर "बघतो" म्हणत होतो आणि माझं "बघतो" त्याला लहानपणापासून नाही तरी लग्नापासून माहीत होतं.

घर आम्ही दोघांनी मिळून तीन वर्षांपूर्वी घेतलं. मी रिचमंड हिलला राहतो. बांधकामाच्या खर्चाचे अंदाज काढणं हे माझं काम. त्यामुळे जुनं घर स्वस्तात मिळतंय आणि किती दुरुस्तीत उभं राहील हे मला कळत होतं. किंमत तीन लाख साठ हजार. आम्ही साठ-साठ हजार घातले, बाकीचं कर्ज दोघांच्या नावावर. उन्हाळ्यात आठवड्याच्या बोलीवर भाड्यानं द्यायचं, भाड्यात हप्ते फिटतील आणि निवृत्तीच्या सुमाराला हातात काहीतरी उरेल, असा साधा बेत होता. माझ्या आकड्यांत चूक नव्हती. पण दुसऱ्याच वर्षी तिथल्या पालिकेनं अशा थोड्या दिवसांच्या भाड्यावर बंदी घातली, आणि आकडे बरोबर असूनही बेत बुडाला.

तेव्हापासून ते घर म्हणजे एक काम झालं. थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून जायचं, वसंतात छप्पर बघायला जायचं, उन्हाळ्यात गवत कापायला. जायला अडीच तास, यायला अडीच तास. मे-जूनमध्ये काळ्या माश्या इतक्या की खिडकी उघडता येत नाही, आणि बंद ठेवली की आत कोंडल्यासारखं होतं. त्यात स्वयंपाकघर काळोखं. दिवसाढवळ्या दिवा लावून चहा करायचा. बायको म्हणायची, लोक कॉटेजवर मोकळं व्हायला जातात, आपण कैद भोगायला येतो.

स्वयंपाकघर काळोखं व्हायचं कारण आम्हीच होतो. घर घेतल्यावर मेहुण्यानं पुण्याच्या एका वास्तुतज्ज्ञाला व्हिडिओ कॉलवर सगळं घर फिरवून दाखवलं. तळ्याच्या बाजूचं दार उत्तम निघालं. स्वयंपाकघराला मात्र दक्षिणेला एक रुंद दार होतं, मधोमध कापलेलं, वरची फळी वेगळी उघडणारं आणि खालची वेगळी. ते दार कर्ज वाढवतं, असं सांगण्यात आलं. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण मी मनात खर्च काढला: जिप्समच्या तीन फळ्या, म्हणजे ड्रायवॉल, थोडं लाकूड, एक शनिवार. इतक्या कमीत मेहुण्याला समाधान मिळत असेल तर वाद कशाला. दार काढून टाकायला जास्त लागले असते, म्हणून तसंच ठेवून आतून झाकलं. वर बायकोनं मारुतीची तसबीर लावली.

त्याच वर्षी जुलैच्या पहिल्या शनिवारी मी खिडकीतून पाहिलं, तर तळ्यापासून आमच्या भिंतीपर्यंत माणसांची रांग. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका, हातात झाकलेली भांडी. सगळे काळे. आमच्या हद्दीतून तळ्याकडे एक पाऊलवाट जाते, तिच्यावर ते शांत उभे होते आणि बंद भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, तळ्यावर पोहायला आलेत आणि यांना वॉशरूम हवी आहे. बायको बाहेर जाऊन अगदी प्रेमानं म्हणाली, आमची वॉशरूम वापरा, हरकत नाही. रांगेत पुढे उभ्या असलेल्या आजीबाई तिच्याकडे क्षणभर बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना काठी धरावी लागली. त्यांनी खरंच आमची वॉशरूम वापरली, आभार मानले, आणि सगळी रांग त्यांच्या अंगणात गेली. आम्हाला काय झालं ते कळलं नाही.

कळलं ते या वर्षी मे महिन्यात. आजीबाई काठी टेकत आल्या आणि मला घेऊन दक्षिणेच्या बाजूनं भिंतीपाशी उभ्या राहिल्या. बाहेरून दार तसंच दिसत होतं.

त्या म्हणाल्या, "शेजारी, तुम्ही स्वयंपाकघर विकत घेतलंत आणि त्याचं तोंड शिवलंत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे वडील रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत हमाल होते. त्या काळी या तळ्याच्या कुठल्याही हॉटेलात काळ्या माणसाला खोली मिळत नसे आणि किनाऱ्यावर बसू देत नसत. हमालांनी बक्षिसीचे पैसे साठवून ही कडेची दलदलीची जमीन घेतली, कारण ती दुसऱ्या कुणाला नको होती. भर घातली, लहान लहान घरं बांधली, उन्हाळ्यात बायकामुलांना घेऊन यायला लागले. आमचं घर म्हणजे त्या सगळ्यांची खानावळ. पुढे सगळीकडची दारं उघडली, पोरं दुसरीकडे जायला लागली, घरं पडली, काही थकलेल्या करापायी गेली, काही विकली. आजीबाई स्वतः हॅलिफॅक्सच्या रुग्णालयात परिचारिका होत्या. निवृत्त झाल्यावर एकट्या परत आल्या आणि बापाच्या घरावर छप्पर घातलं. त्यांचं बघून आता नातवंडं यायला लागली होती. कुणी जोतं उचललं होतं, कुणी व्हरांडा बांधत होतं. वाटेच्या तोंडाशी वस्तीचा इतिहास सांगणारी पाटी लागली होती. खानावळ मात्र परत घ्यायला त्यांना पैसे पुरले नव्हते. ती आम्ही घेतली होती.

"पहिल्या शनिवारी मासे तळतात," त्या म्हणाल्या. "ताटं या दारातून देतात. आधीचा मालक इथं राहत नव्हता, पण त्या दिवशी किल्ली ठेवून जायचा."

मी विचारलं, इतकी वर्षं तुम्ही हे बोलला का नाहीत. त्या म्हणाल्या की घर तुमचं आहे, आणि दुसऱ्याच्या दारात उभं राहून मागणं त्यांच्या घरात कुणाला शिकवलं नव्हतं. या वर्षी माणसं जास्त येणार, त्यांचं अंगण पुरणार नाही, म्हणून आल्या होत्या. मी घर विकायचं चाललंय हे सांगितलं. लपवणं बरं दिसलं नसतं. ती बांधकाम कंपनी त्यांच्याकडेही येऊन गेली होती आणि त्यांनी तिला व्हरांड्याच्या पायरीवरूनच परत पाठवलं होतं. कंपनीला खरं हवं होतं ते आमचंच घर, कारण तळ्याकडे जाणारी वाट आमच्या हद्दीत होती. ती एकदा बंद केली की मागच्या सगळ्या घरांना पाण्यापर्यंत पोचता येणार नव्हतं, आणि मग ती आपोआप विकली गेली असती. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

त्यांनी काठीनं दाराच्या खालच्या फळीवर टकटक केलं. मग म्हणाल्या, "विकणार असाल तर विका. पण उघडून विका."

आता मेहुण्याची बाजू. तो केंब्रिजला मोटारींच्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत होता. फेब्रुवारीत त्याची पाळी बंद झाली आणि मार्चमध्ये नोकरी. ऑक्टोबरात त्याच्या राहत्या घराच्या कर्जाचं नूतनीकरण होतं, नव्या दरानं. हातात पैसे नसले तर ते घर जाणार होतं. त्याची मुलं शाळेत आहेत. घर विकलं असतं तर कर्ज, वकील आणि कर जाऊन आम्हाला प्रत्येकी साधारण पंच्याण्णव हजार मिळाले असते. तो चुकीचं काही मागत नव्हता.

म्हणजे सही केली तर वस्ती जाणार. नाही केली तर मेहुण्याचं घर जाणार, आणि बायकोला आपल्या भावाला तोंड दाखवता येणार नाही. त्याचा वाटा मी घ्यावा तर माझ्याकडे एवढे पैसे नव्हते. रात्री झोपण्याआधी मी ही तीन वाक्यं वेगवेगळ्या क्रमानं मांडून बघायचो. कुठल्याही क्रमानं मांडली तरी शेवट तोच यायचा.

त्या शनिवारी सकाळी मी पहार घेऊन ड्रायवॉल काढली. मारुतीची तसबीर फ्रिजला टेकवून ठेवली. दाराच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या, पण तेल घातल्यावर वरची फळी हलली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात ऊन आलं. ओट्यावर किती मेणचट थर साचलाय ते बायकोला दिसलं आणि तिनं लगेच फडकं घेतलं. तेवढ्यात मेहुण्याची गाडी लागली.

तो आत आला, उघडं दार बघितलं, तसबीर बघितली.

"दाजी, हे काय?"

"आजच्यापुरतं."

"आजच्यापुरतं म्हणे. मारुतीला फ्रिजपाशी बसवलंत. शनिवारी." मग बहिणीकडे वळला. "ताई, तू काही बोलली नाहीस?"

बायको म्हणाली, मारुतीला पूर्वेच्या भिंतीवर बसवते, तो कुठंही बसतो, तू आधी हात धू.

त्यानं कागद टेबलावर ठेवला, पेन त्यावर आडवं ठेवलं. मला म्हणाला की दार उघडं असल्यानं कंपनीला काही फरक पडत नाही, ते सगळं पाडणारच आहेत. बाहेर आजीबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. तो मराठीत बोलत होता तरी कागद, पेन आणि त्याचा चेहरा यांचा अर्थ कुणालाही लागला असता. त्यांनी फक्त विचारलं, मासे आत आणायला सुरुवात करू का.

पुढचा तासभर आमचं स्वयंपाकघर आमचं राहिलं नाही. बाहेर कढयांत मासे तळले जात होते, तळ्याच्या बाजूच्या दारानं परातीच्या पराती आत येत होत्या. आजीबाईंच्या दोन पुतण्या ओट्याशी उभ्या राहिल्या आणि ताटं भरायला लागल्या: मासा, मक्याची भाकरी, कोबीची कोशिंबीर. टेबलाला जागा हवी म्हणून कुणीतरी आमचा कागद उचलून फ्रिजवर ठेवला. आमची मुलगी हॅलिफॅक्सला शिकते. तिचं आणि आजीबाईंचं हॅलिफॅक्सच्या फेरीबोटीवरून लगेच जमलं आणि ती कागदी रुमाल वाटायला उभी राहिली. मेहुणा कोपऱ्यात खुर्चीवर बसला. जायला वाट नव्हती. दोन्ही दारांत माणसं होती.

रांग तळ्यापर्यंत गेली होती. वरची फळी पूर्ण उघडली होती, खालची बंद, तिच्या कडेवर रुंद फळकूट. आजीबाई बाहेरून पुढे आल्या, आतल्या पुतणीनं पहिलं ताट फळकुटावर ठेवलं. मला वाटलं, त्या सगळ्यांत मोठ्या, त्या घेतील. त्यांनी ताट उलटं आमच्याकडे सरकवलं.

"पहिलं ताट नव्या माणसाचं," त्या म्हणाल्या. "तो जेवायला लागेपर्यंत कुणी जेवायचं नाही. आमच्या आईवडिलांनी बाहेर पुष्कळ वाट बघितली होती. इथं आलेल्याला वाट बघायला लावायची नाही."

तीन वर्षं झाली तरी आम्हीच नवे होतो, कारण या दारानं आम्ही कधी जेवलो नव्हतो. त्यांच्या हिशेबानं आमचं ताट तीन वर्षं थांबलं होतं.

आता अडचण अशी. मी जन्माचा शाकाहारी. बायको मूळची रत्नागिरीची, माशावाचून तिचं पान हलत नाही, पण शनिवारी ती मासे खात नाही. लग्नाआधीपासून नाही. मुलगी विद्यापीठात गेल्यापासून व्हीगन. ताट फळकुटावर, त्यातून वाफ येतेय, आणि तळ्यापर्यंतची सगळी रांग गप्प. लहान मुलंसुद्धा. डास कानाशी गुणगुणत होते, कुणी हाकलत नव्हतं. मी बायकोकडे बघितलं. ती ओठ न हलवता म्हणाली, "आज शनिवार आहे." मी ताटातली कोशिंबीर बघत होतो, पण तिच्यावर मासा टेकलेला. खायचं म्हटलं तर घास घशाखाली उतरणार नव्हता, आणि नाही म्हटलं तर या लोकांना कुणीतरी पुन्हा एकदा नाही म्हटलं असतं. मी दाराच्या आत उभा होतो आणि जागचं हलता येत नव्हतं.

"बाबा, एव्हरीवन इज वेटिंग," मुलगी हळूच म्हणाली.

आजीबाईंनी विचारलं, "काय झालं? काटे काढलेत."

तेव्हा मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मेहुणा माणसांतून वाट काढत पुढे आला, मला खांद्यानं जरा बाजूला केलं आणि ताट उचललं. "यांच्या भरवशावर राहिलात तर संध्याकाळ होईल," असं तो आजीबाईंना इंग्रजीत म्हणाला. उभ्यानंच मासा मोडला आणि तोंडात टाकला. रांगेतून एक सुस्कारा आल्यासारखा आवाज आला, मग कुणीतरी टाळी वाजवली आणि ताटं बाहेर जायला लागली.

आजीबाईंनी त्याला विचारलं, कसा झालाय. तो म्हणाला, आमच्या आईच्या हातचा याहून बरा असतो. त्या म्हणाल्या, तसं म्हणणारा पोरगा चांगला. मग त्याला दुसरा तुकडा वाढला गेला, मग तिसरा. आमच्या तिघांसाठी कुणीतरी न मागता भाकरी आणि कोशिंबीर वेगळी आणली. शाकाहारी माणसाचा चेहरा सगळीकडे ओळखू येत असावा.

जेवणं झाल्यावर मेहुणा बाहेर वाटेवर बराच वेळ एका म्हाताऱ्याशी बोलत बसला. तो म्हाताराही मोटारीच्या कारखान्यातून काढला गेलेला, पुष्कळ वर्षांपूर्वी. मी भांडी पुसत दारातून बघत होतो. दोघं पाण्याकडे तोंड करून बसले होते. लोक त्यांना ओलांडून तळ्यावर जात होते, येत होते. दोघांपैकी कुणी पाय आखडत नव्हतं.

संध्याकाळी निघायच्या आधी तो स्वयंपाकघरात आला. फ्रिजवरून कागद काढला. त्याच्यावर तेलाचा डाग पडला होता.

"दाजी, मासा खारट होता," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. मीठ जरा जास्तच खाल्लं गेलं." त्यानं कागदाची घडी घातली. "त्यांच्या दारात जेवलो, त्यांच्या वाटेवर बसलो, आता त्याच वाटेवर कुंपण घालायला सही कशी ठेवू? पण मला पैसे लागणार आहेत. माझं घर आहे. ऐंशी द्या, पंच्याण्णव नकोत. ऑक्टोबरच्या आत. त्याच्या खाली मला परवडत नाही, आणि तुम्हाला वाईट वाटलं तरी मी खाली येणार नाही."

बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती म्हणाली, "याहून खाली त्याला आणू नका." तेवढंच.

मी "बघतो" म्हणालो नाही. "देतो" म्हणालो. कुठून, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं नाही. एकच जागा होती, आणि तिच्याकडे मी तीन महिने पाठ करून बसलो होतो: रिचमंड हिलचं राहतं घर. त्याचं कर्ज सहा वर्षांत फिटणार होतं आणि त्यानंतर मी नोकरी सोडणार होतो. त्याच घरावर पुन्हा कर्ज काढायचं, शिवाय तळ्याकाठच्या घराचं उरलेलं सगळं कर्ज एकट्याच्या नावावर घ्यायचं.

सप्टेंबरात बँकेत बसलो तेव्हा तिथल्या मुलीनं नवी मुदत संपण्याची तारीख माझ्याकडे फिरवून दाखवली. तेव्हा मी एकाहत्तर वर्षांचा असेन. बायकोनं तारीख वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा वाचली. घरी येताना ती एवढंच म्हणाली की आता गवत कापायला माणूस लावायची सोय राहिली नाही. ते खरं होतं. तळ्याकाठचं घर आता मला विकताही येणार नाही. वाट मोकळी ठेवायच्या अटीवर ते घेणारा माणूस मला तरी माहीत नाही. वस्तीच्या मंडळाकडे पैसे जमतील तेव्हा ते घेतील असं आजीबाई म्हणतात. पण त्यांच्या घरांची छपरं अजून व्हायची आहेत, आणि छपरांना काय लागतं ते मी त्यांना स्वतः काढून दिलं आहे.

दक्षिणेचं दार पुन्हा बंद केलं नाही. थंडीत त्याच्या फटींतून वारा येतो. यंदा मी फटी भरल्या, तरी येतो. मारुती पूर्वेला आहे.

वाटेच्या वहिवाटीचा हक्क वस्तीच्या मंडळाच्या नावानं कायमचा नोंदवायचा ठरला. वकील म्हणाला, फुकट दिला असं लिहू नका, काहीतरी किंमत हवी. आजीबाईंनी पर्समधून एक नाणं काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. माझ्याकडे पावती मागितली. मी दिली.

शेवटी झालेला व्यवहार असा: मेहुण्याला ऐंशी हजार डॉलर, माझ्याकडून, सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी. वकिलाला एक हजार चारशे, तेही माझ्याकडून. आणि मला, वस्तीच्या मंडळाकडून, एक डॉलर.